सोसायटीच्या रंगकामाचे ठिपके: गाडीला रबिंग मारायला देऊ नका

तुम्ही लिहिलंय की सोसायटीचं बाहेरून रंगकाम चालू होतं, आठवडाभर गाडी परांचीखालीच उभी होती, आता काळ्या बॉनेटवर आणि टपावर बारीक पांढरे ठिपके आहेत, आणि वर्कशॉपवाला म्हणतोय की रबिंग मारून (म्हणजे मशीनने रंग घासून) संध्याकाळपर्यंत शोरूमसारखी करून देतो. ते शेवटचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. कृपया उद्या गाडी तिकडे देऊ नका.

मला हेच २०१९ च्या डिसेंबरात सांगितलं होतं, आणि मी किल्ली देऊन मोकळी झाले.

माझी गाडी गडद निळी, मेटॅलिक, तेव्हा अडीच वर्षांची. पुण्यात आमच्या इमारतीला रंग देत होते. वारा सुटला की रोलरचे शिंतोडे खाली यायचे आणि सकाळी बॉनेटवर हात फिरवला की रव्यावरून फिरवल्यासारखा लागायचा. वर्कशॉपात गोल फिरणारं मशीन आणि जाड कंपाउंड (घासायची खरखरीत पेस्ट) घेऊन त्यांनी अख्खी गाडी घासली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी इतकी चमकत होती की मी वर बक्षिसीही दिली. रविवारी उन्हात लावली तेव्हा बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले. कंपाउंडमधल्या तेलाने ते सुरुवातीला झाकलेले असतात, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बॉनेटच्या पुढच्या कडेला एक पांढुरका डाग आला. मला वाटलं पाण्याचा आहे. पुसला, जाईना. जवळून पाहिलं तर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, कांद्याच्या सालीसारखा सुटून वर आला होता.

झालं काय होतं ते सांगते, कारण तुमचा निर्णय यावरच ठरेल. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट धरून कंपनीचा सगळा रंग साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतो. त्यात क्लिअर कोट ४०-५० चा. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे ज्याच्या जिवावर आपण ऊन झेलतो तो थर केसाहूनही पातळ. गाडीच्या कडांवर आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर तो आणखी पातळ असतो, आणि मशीनचा पॅड नेमका तिथेच जास्त दाबला जातो, तापतो. शिंतोडा क्लिअर कोटच्या वर बसलेला असतो. तो उचलून काढायचा असतो. त्यांनी तो जाईपर्यंत त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट उतरवला.

मी दोनदा जाऊन भांडले. "मॅडम, रंग जुना झाला की असं होतंच" हे उत्तर मिळालं. चार वर्षांत रंग जुना होतो? घासण्याआधी गेजने रंगाची जाडी मोजली होती का विचारलं, तर ते यंत्रच त्यांच्याकडे नव्हतं. जॉबकार्डवर "रबिंग-पॉलिश" एवढंच लिहिलेलं, खाली माझी सही. सुटलेला क्लिअर कोट पॉलिशने परत येत नाही, पॅनल रंगवावंच लागतं. मेटॅलिक रंग असल्याने शेड जुळवायला दोन्ही फेंडरवरही (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावर) रंग ओढावा लागला. साडेअठरा हजार गेले, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फरक अजूनही दिसतो. मला तो रोज दिसतो.

आता तुमच्यासाठी. शिंतोडे भिंतीच्या नेहमीच्या ॲक्रिलिक इमल्शनचे असतील तर बहुतेक घरच्या घरी निघतील. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी भरपूर पाणी मारून धूळ घालवा, शॅम्पूने धुवा. मग कोमट पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबर ठिपक्यांवर दहा-पंधरा मिनिटं नुसतं ठेवा. चोळू नका. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलून घेणारी मातीसारखी मऊ वडी, सौम्य प्रतीचा. सुपारीएवढा तुकडा तोडून चपटा करा, शॅम्पूच्या पाण्याने पत्रा ओलागच्च ठेवा आणि सरळ रेषेत अगदी हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला क्ले अडखळतो आणि खरखर ऐकू येते. ठिपके सुटत गेले की आवाज बंद होतो, क्ले लोण्यासारखा सरकतो. दर थोड्या वेळाने घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी. शेवटी हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवून बघा, उरलेली खरखर उघड्या हातापेक्षा जास्त कळते. मग वॅक्स, कारण क्लेबरोबर जुनं संरक्षणही निघून जातं. मला दोन रविवार लागतील असं वाटलं होतं, नंतर बहिणीच्या गाडीला प्रत्यक्षात एक सकाळ पुरली.

मी या धंद्यातली नाही. माझं ज्ञान माझ्या गाडीवर आणि ओळखीतल्या तीन-चार गाड्यांवर मिळवलेलं आहे, त्यामुळे आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून बघा. मॅट रंग किंवा वरून चिकटवलेली फिल्म असेल तर यातलं काहीच करू नका. आणि ठिपके राखाडी असतील तर ते सिमेंटचे असू शकतात, त्यावर क्ले फिरवलात तर वाळू घासल्यासारखं होईल.

कमिटीबद्दलही बोलते, राहवत नाही. आमच्याकडे लिफ्टमध्ये नोटीस होती, "रंगकाम सुरू आहे, सहकार्य करावे". गाड्या कुठे हलवायच्या, कुठल्या बाजूचं काम कधी, एक शब्द नाही. कंत्राटात गाड्या झाकायची अट घाला असं मी सर्वसाधारण सभेत सांगितलं तर खर्च वाढतो म्हणून विषय संपवला. तुमच्याकडे काम अजून बाकी असेल तर आजच लेखी द्या, ठिपक्यांच्या फोटोंसकट. आणि तोपर्यंत स्वतः झाकणार असाल तर धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर टाकू नका. वाऱ्याने ते हलतं आणि रात्रभर पॉलिशपेपरचं काम करतं.

कुणीतरी विम्यातून करून घ्या असं सुचवलंय. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की नो क्लेम बोनस (पुढच्या हप्त्यातली सूट) २० टक्क्यांपासून, पाच वर्षांनी ५० टक्के. एका क्लेमने तो शून्यावर येतो. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसाराही कापतात. ठिपक्यांसाठी हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

गाडी द्यायचीच वेळ आली तर आधी उन्हात सगळ्या पॅनलचे फोटो काढा, जाडी मोजून आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या, आणि "कंपाउंड न वापरता क्ले" असं त्यांच्या अक्षरात लिहून मागा. लिहायला नकार दिला तर किल्ली परत घ्या.

ठिपके खिडक्यांच्या ग्रिलच्या ऑइलपेंटचे निघाले तर फोटो टाका, त्याला क्ले पुरत नाही आणि थिनर तुम्ही स्वतः लावू नये असं माझं ठाम मत आहे.