तास-मिनिटांची बेरीज कॅल्क्युलेटरवर का चुकते? बरोबर कशी करायची?

तुम्ही विचारलंय की कामाचा वेळ वहीत २.४५, १.३० असा लिहून कॅल्क्युलेटरवर मिळवला तर ३.७५ येतं. मग हे पावणेचार तास की सव्वाचार? शिवाय सहा दिवसांची सरासरी काढताना सगळंच फिस्कटतं.

सव्वाचार. आणि कॅल्क्युलेटर हातात नसता तर तुम्ही चुकला नसता. पावणेतीन आणि दीड किती, असं कुणी विचारलं तर सव्वाचार हे उत्तर तोंडातून आपसूक येतं. गोंधळ लिहिण्यात आहे. पावणेतीन तास म्हणजे २.७५ तास, आणि तुम्ही लिहिलंत २.४५. टिंबापुढे कॅल्क्युलेटर शंभरावे भाग धरतो, घड्याळ मात्र साठावे. म्हणून कळकळीने सांगतो, वेळ लिहिताना टिंब वापरू नका. २:४५ असं लिहा. दोन टिंबं दिसली की ही साधी संख्या नाही हे आपलं आपल्यालाच आठवतं.

मी ध्वनिमुद्रणांचं संपादन करतो. दिवसभर हाच हिशोब असतो, त्यामुळे कागदावर आणि यंत्रावर दोन्हीकडे ही चूक कुठे दबा धरून बसते ते चांगलं ठाऊक आहे.

आधी कागदावर. १:४८:३७ आणि २:३५:४६ यांची बेरीज घ्या. सेकंद ८३ झाले. ६० काढले, २३ उरले, हातचा एक. मिनिटं ४८ + ३५ + १ = ८४; पुन्हा ६० काढले, २४ उरली, हातचा एक. तास ४. उत्तर ४:२४:२३. इथे गंमत अशी की मिनिटांच्या रकान्यात एककाचा हातचा नेहमीसारखा दहाला जातो, पण दशकाचा सहालाच जातो. शाळेत पक्की झालेली सवय नेमकी त्या दशकाच्या घरात घात करते.

वजाबाकीत उसना घेतलेला एक तास म्हणजे ६० मिनिटं, १०० नव्हेत. ५:१० मधून २:४५ काढायचे तर ५:१० ला ४:७० म्हणा आणि वजा करा: २:२५. मला स्वतःला मात्र चढत जाणं सोपं वाटतं. पावणेतीनपासून तीनपर्यंत १५ मिनिटं, तीनपासून पाचपर्यंत २ तास, वर १० मिनिटं. झाले २:२५, उसनं घ्यायची वेळच आली नाही.

कॅल्क्युलेटरच वापरायचा असेल तर वेळ सलग आकड्यांत लिहा, २४५ + १३० = ३७५, आणि त्यात ४० मिळवा: ४१५, म्हणजे ४:१५. हे ४० म्हणजे शंभर आणि साठ यांतला फरक. दर हातच्याला ४० मिळवायचे, वजाबाकीत दर उसन्याला ४० काढायचे. पण एक गोष्ट जपा: हातचा आला की नाही ते उत्तराकडे बघून ठरवू नका, मूळ मिनिटांकडे बघून ठरवा. ३७५ मधले ७५ डोळ्यांत खुपतात, म्हणून ती चूक सापडते. २५५ + १५० = ४०५ हे मात्र अगदी साळसूद दिसतं, ४:०५ सारखं. खरं उत्तर ४:४५ आहे, कारण ५५ आणि ५० मिळून साठाच्या पुढे गेले होते.

वजाबाकीत हे आणखी फसवं असतं. एकदा मला पाच तासांच्या जागेत २:४५ चं मुद्रण बसवून उरलेला वेळ भरायचा होता. घाईत ५०० − २४५ केलं, २५५ आलं, आणि मी २ तास ५५ मिनिटांचा मजकूर तयार केला. उरले होते २:१५. दोन्ही एकत्र लावले तेव्हा ४० मिनिटं जास्त भरली आणि रात्र कापाकापीत गेली. तेव्हापासून एकूण वेळ जुळला नाही आणि फरक ४०, ८० किंवा १२० मिनिटांचा निघाला, की मी दुसरं काही शोधत नाही. कुठेतरी हातचा बुडालेला असतो.

गुणाकार सरळ आहे. ३ मिनिटं ४८ सेकंदांचे सात भाग असतील तर २१ मिनिटं आणि ३३६ सेकंद, ३३६ म्हणजे ५ मिनिटं ३६ सेकंद, एकूण २६:३६. साठाचे हिशोब शेवटी एकदाच करायचे.

आता तुमची सरासरी. समजा सहा दिवसांचा एकूण वेळ ७:२५:३० आहे. ७ तासांना ६ ने भागा: १, बाकी १ तास. ती बाकी ६० मिनिटं करून २५ मध्ये घाला: ८५. भागा: १४, बाकी १ मिनिट. ती ६० सेकंद करून ३० मध्ये घाला: ९०. भागा: १५. सरासरी १:१४:१५. बाकी कधी फेकायची नाही, मोडून खालच्या घरात द्यायची.

वेळेला अंतराने किंवा वेळेनेच भागायचं असेल तर आधी सगळ्याचे सेकंद करा. केल्व्हिन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला मॅरेथॉन २:००:३५ मध्ये पूर्ण केली. म्हणजे ७२३५ सेकंद. भागिले ४२.१९५ किलोमीटर, तर किलोमीटरला सुमारे १७१.५ सेकंद, म्हणजे २ मिनिटं ५१.५ सेकंद. इथे २.००३५ ला भागून काहीच हाती लागत नाही.

हे साठ बॅबिलोनी गणितातून आले. २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० या सगळ्यांनी साठाला पूर्ण भाग जातो, म्हणून पाव, अर्धा, पाऊण, एक तृतीयांश तास पूर्ण मिनिटांत बसतो. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ साली दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास करून पाहिला, पण १७९५ मध्येच त्याची सक्ती थांबवली.

स्प्रेडशीटमध्ये ९:३०, ८:४५ आणि ७:५० मिळवून २:०५ दिसलं तर घाबरू नका. तिथे एक पूर्ण दिवस म्हणजे १ आणि सहा तास म्हणजे ०.२५ असं साठवलेलं असतं. बेरीज २६:०५ बरोबरच झालेली असते, फक्त दाखवताना २४ तास गाळले जातात. फॉरमॅटमध्ये तासाच्या अक्षराभोवती चौकोनी कंस टाकला, म्हणजे [h]:mm केलं, की २६:०५ दिसेल. काम मध्यरात्र ओलांडत असेल तर शेवटच्या वेळेत आधी २४ मिळवा: २२:५० ते ६:१५ म्हणजे ३०:१५ वजा २२:५०, अर्थात ७:२५.