छोट्या कॉलेजातला बेसबॉल आणि घरातली घालमेल

“त्याला आता खेळ सोड म्हणून सांगायचं का? आणि सांगायचं तर कसं?” न्यू जर्सीतल्या एका आईने सल्ल्यासाठी आमच्याकडे आल्यावर पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला. मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र, उजव्या हाताचा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. उन्हाळ्यात चांगल्या कंपनीत इंटर्नशिप मिळत होती. ती सोडून समर लीगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या उन्हाळी स्पर्धेत, खेळायचं, असं त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. बाबा तेव्हापासून त्याच्याशी फक्त फी आणि गाडीच्या विम्याबद्दल बोलत होते. अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न आता वरचेवर येतो, म्हणून ही केस सविस्तर लिहीत आहोत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

बाबांचं म्हणणं असं होतं की मुलात खरंच दम असता तर कॉलेजने स्कॉलरशिप दिली असती. हा गैरसमज फार घरांत दिसतो. हे कॉलेज एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या गटात, आहे आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, तसा नियमच आहे. सगळे खेळाडू अभ्यासावरची किंवा घरच्या उत्पन्नावरची मदत घेऊन शिकतात. तेव्हा स्कॉलरशिप नसण्यावरून मुलाची पात्रता ठरत नाही. पण स्पर्धेचा दर्जा मात्र खरोखर खालचा असतो आणि स्काउट, म्हणजे प्रो (व्यावसायिक) क्लबांसाठी खेळाडू हेरणारे, तो धरूनच आकडे वाचतात. या दोन्ही गोष्टी आईबाबांना एकाच बैठकीत सांगाव्या लागतात. एकच सांगितली तर घरातल्या एका पक्षाच्या हातात कोलीत मिळतं.

मुलाच्या बाजूला पिचरची उदाहरणं तयार होती. बिली वॅग्नर व्हर्जिनियातल्या फेरम या डिव्हिजन थ्री कॉलेजातून १९९३ साली ड्राफ्टच्या (प्रो क्लब दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या) पहिल्या फेरीत बाराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२५मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. जॉर्डन झिमरमन विस्कॉन्सिनच्या स्टीव्हन्स पॉइंटमधून २००७ साली दुसऱ्या फेरीत गेला. नातेवाइकांनी यात कुमार रॉकरची भर घातली होती, कारण त्याची आई भारतीय वंशाची. पण रॉकर व्हँडरबिल्टचा, म्हणजे डिव्हिजन वनच्या अगदी वरच्या थरातला. वॅग्नर डावखुरा होता आणि त्याचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या आसपास जायचा. असा हात कुठल्याही कॉलेजात लपत नाही. त्याच्या गोष्टीतून “छोट्या कॉलेजातूनही जाता येतं” एवढंच सिद्ध होतं. “मी जाईन का”, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर शोधायला मुलाला एकट्याला बोलावलं. त्याने फोनवर हायलाइट व्हिडिओ दाखवला. सुरुवातीला संघाचं चिन्ह फिरत होतं, मागे मोठं संगीत. पहिला चेंडू आला तो विसाव्या सेकंदाला, आणि तोही जाळीच्या तारांमागून, त्यामुळे पिचरचा हात धूसर आणि चेंडू कुठे पडला ते दिसतच नव्हतं. वेगाचा आकडा कुठेच नाही. सात मिनिटं चाललेल्या त्या व्हिडिओत सगळे स्ट्राइकआउटच, म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद केलेले क्षण. असा व्हिडिओ स्काउट अर्ध्या मिनिटात बंद करतो. दोन मिनिटांच्या आतला हवा. एक कोन मागून, एक बाजूने. प्रत्येक प्रकारचे चार-पाच चेंडू सलग, न कापता, शक्य असेल तर ट्रॅकमन किंवा रॅप्सोडो या चेंडू मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे पडद्यावर. सुरुवातीला नाव, उंची, वजन, पदवीचा महिना आणि कोचचा फोन. तारीखही हवी, कारण गेल्या वर्षीचा वेग कोणी धरत नाही.

मग आकडे. तो अभिमानाने ईआरए, म्हणजे दर नऊ डावांत पिचरच्या खाती पडलेल्या धावांची सरासरी, सांगत होता: २.६०. डिव्हिजन थ्रीतल्या ईआरएला प्रो क्लबच्या लेखी फारसं वजन नाही, कारण समोरचे बॅटर कमी ताकदीचे आणि मोसम जेमतेम ४० सामन्यांचा. क्लब आधी बघतात वेग, चेंडूची हालचाल आणि स्ट्राइक टाकण्याची सवय. त्याची फास्टबॉल ताशी ८६ ते ८८ मैल, म्हणजे साधारण १४० किलोमीटर. मेजर लीग या सर्वोच्च लीगमधली सरासरी ९४ मैलांच्या आसपास आहे. ६२ डावांत ७१ स्ट्राइकआउट छान, पण वॉक, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस, ३४. दर नऊ डावांना जवळपास पाच. हा आकडा त्याने स्वतः कागदावर भागाकार करून काढला, आणि मग बराच वेळ त्याकडे बघत राहिला. “पण कोच म्हणतात मला चान्स आहे.” कोच खोटं बोलत नसतात. मात्र “चान्स आहे” म्हणजे नेमका कशाचा, कुठल्या पातळीवर, हे खेळाडूने विचारायचं असतं. त्याने ते विचारलं नव्हतं. आम्ही त्याला तीन प्रश्न लिहून दिले: कुठल्या क्लबच्या स्काउटने माझ्याबद्दल चौकशी केली आहे? त्यांनी माझ्यात काय कमी सांगितलं? माझ्यासारखा, याच वेगाचा, आपल्या कॉलेजातला शेवटचा पिचर कुठपर्यंत गेला?

प्रो दाराची रुंदी घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवी. ड्राफ्ट २०१९पर्यंत ४० फेऱ्यांचा होता, २०२१पासून २० फेऱ्यांचा आहे. ३० क्लब धरले तर दरवर्षी सहाशेच्या थोडे वर खेळाडू, आणि त्यांत हायस्कूलची मुलंही आली. २०२१च्या फेररचनेनंतर क्लबांशी जोडलेले मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांचे, संघ १२० उरले आणि २०२४पासून प्रत्येक क्लबला देशात १६५ खेळाडूंची मर्यादा आहे. चार वर्षांच्या कॉलेजातला मुलगा तिसरं वर्ष संपल्यावर किंवा एकविसाव्या वर्षी ड्राफ्टला पात्र होतो. तिसऱ्या वर्षी निवड झाली आणि पटली नाही तर तो परत कॉलेजात जाऊ शकतो. म्हणून त्याच्या हातात थोडी घासाघीस असते. चौथ्या वर्षी ती उरत नाही, आणि बोनस काही हजार डॉलरवर येतो. ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तरी क्लब थेट करार करू शकतात. ते फोन बहुतेक ड्राफ्ट संपल्यावर काही तासांत येतात.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्यावर घालवला ती गोष्ट वेगळीच होती. बाबा सांगलीकडचे, क्लब क्रिकेट खेळलेले. त्यांच्या डोक्यात निवड म्हणजे संघ जाहीर होतो, यादी लागते, नाव नसलं की कळतं आणि माणूस घरी येतो. बेसबॉलमध्ये अशी यादी लागत नाही. नकाराचं पत्र येत नाही, कोणी “तू नको” म्हणत नाही. फोन वाजत नाही, इतकंच. आणि खाली नेहमी आणखी एक पायरी असते: अटलांटिक लीग, अमेरिकन असोसिएशन, फ्रंटियर, पायोनिअर या मेजर लीगच्या भागीदार लीग, त्यांच्याखाली आणखी किरकोळ लीग, मग ऑस्ट्रेलिया, मग युरोप. त्यामुळे पंचविशीतला मुलगा “अजून दार बंद झालेलं नाही” असं खरेपणाने म्हणू शकतो. आईबाबांना तो हट्ट वाटतो. तो बहुतेक वेळा हट्ट नसतो. बाहेरून शेवट सांगणारं कोणी नसल्यामुळे शेवट ठरवण्याचं काम मुलावर आलेलं असतं, आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणून घरात “खेळायचं की नाही” हा वाद थांबवून “कधीपर्यंत आणि कशावरून ठरवायचं” हे लिहून काढायला सांगितलं. कागद मुलाने लिहिला, आईबाबांनी फक्त प्रश्न विचारले. ठरलं ते असं. पुढच्या मार्चपर्यंत सरासरी वेग ९० आणि वॉक दर नऊ डावांना साडेतीनच्या आत. पदवी वेळेवर पूर्ण. ड्राफ्टनंतर भागीदार लीगच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या. आणि पदवीच्या वर्षी ३१ ऑक्टोबर ही तारीख. त्या दिवशी करार हातात नसेल, किंवा सरासरी ९२ला पोचली नसेल, तर थांबायचं. तारीख मुलानेच निवडावी, हे महत्त्वाचं. आईबाबांनी निवडलेली तारीख मुलं पाळत नाहीत.

समर लीगची परवानगी याच कागदामुळे मिळाली. इंटर्नशिप कॉलेजच्या जानेवारीच्या छोट्या सत्रात चार आठवड्यांची केली. नाव तेवढं मोठं नव्हतं, पण शिफारसपत्र मिळालं. हिवाळ्यात वेग वाढवायला मुलं जड चेंडूंचे कार्यक्रम स्वतःच सुरू करतात, इंटरनेटवर बघून. कोपराच्या अस्थिबंधाची वाट तिथे लागते. हा अस्थिबंध नव्याने बसवणाऱ्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सामन्यात उतरायला बारा ते अठरा महिने जातात, आणि छोट्या कॉलेजच्या खेळाडूसाठी ते म्हणजे अख्खी कारकीर्द. कॉलेजच्या ट्रेनरच्या देखरेखीशिवाय जड चेंडू हातात घ्यायचा नाही, ही अट आईने घातली आणि मुलाने मान्य केली.

पैशाचं बोलणं बाबांनी करावं असं सुचवलं, कारण तेवढ्यात त्यांचं मन रमत होतं. २०२३च्या सामूहिक करारात मायनर लीगचे वार्षिक पगार ठरले: सिंगल-ए या खालच्या पायरीला २६,२०० डॉलर, ट्रिपल-ए या सगळ्यात वरच्या पायरीला ३५,८००, आणि राहण्याची सोय क्लबची. अटलांटिक, पायोनिअरसारख्या स्वतंत्र लीगमध्ये पगार याहून बराच कमी आणि फक्त मोसमापुरता. बरेच खेळाडू गावातल्या कुटुंबाकडे राहतात. आरोग्यविमा वयाच्या २६व्या वर्षापर्यंत आईबाबांच्या पॉलिसीवर ठेवता येतो, तो ठेवायचा. पदवीआधी करार झाला तर उरलेल्या शिक्षणाचा खर्च क्लबने देण्याची योजना पहिल्याच करारात लिहून घ्यायची, आणि खेळ सुटल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू करायचं, नाहीतर तो हक्क जातो. एजंटशी लेखी काय, तोंडी करार केला तरी कॉलेजची पात्रता धोक्यात येते. मेजर लीगच्या ड्राफ्ट लीगचा (ड्राफ्टच्या आशेवरच्या खेळाडूंच्या उन्हाळी लीगचा) मोसमाचा दुसरा भाग पगारी आहे. तिथे उतरलं की कॉलेजचा खेळ संपला, हे सही करण्याआधी समजून घ्यायचं. आणि पैसे घेऊन निवडीची हमी देणाऱ्या ‘शोकेस’ नावाच्या शिबिरांपासून लांब राहायचं. करार देणारा क्लब खेळाडूकडून पैसे मागत नाही.

ज्यांची मुलं एच-४वर (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) वाढली त्यांच्यासाठी एक जोड: २१व्या वर्षी तो व्हिसा संपतो, आणि मायनर लीगमध्ये खेळायला २००६च्या कायद्याप्रमाणे पी-१ हा खेळाडूंचा व्हिसा लागतो, तो क्लबमार्फत मिळतो. इमिग्रेशन वकिलाशी हे बोलणं ड्राफ्टच्या आदल्या वर्षी व्हायला हवं.

पुढे काय झालं? चौथ्या वर्षी सरासरी वेग ९०वर आला, वॉक ३.४. दोन स्काउट येऊन बघून गेले. ड्राफ्टमध्ये नाव नाही, नंतर फोन नाही. त्या दिवसांसाठी घराला एक सूचना दिली होती: “आला का फोन?” असं कोणी विचारायचं नाही, आणि भारतातल्या नातेवाइकांना आधी काही सांगून ठेवायचं नाही. ट्रायआउटमधून पायोनिअर लीगच्या एका संघाने घेतलं. तिथली मैदानं उंचावर, हवा विरळ, चेंडू लांब उडतो आणि पिचरचे आकडे बिघडतात. सात आठवड्यांनी संघाने सोडलं. सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या एका क्लबकडून विचारणा आली. खेळायचं आणि मुलांना शिकवायचं, राहणं-खाणं क्लबचं. त्याने कागद काढून बघितला. सरासरी वेग ९२ला पोचला नव्हता. नोव्हेंबरात त्याने ॲनालिस्टची नोकरी धरली.

घराला वाटलं, प्रश्न सुटला. खरं काम तिथून सुरू झालं. डिसेंबरमध्ये आईचा फोन आला: जेवत नाही, रात्री तीन-तीनपर्यंत जागा असतो, सामना लागला की खोलीतून उठून जातो. लहानपणापासून ज्याच्या आठवड्याचा आकार खेळाने ठरवला, त्याचा खेळ सुटला की ते दुःख जवळचं माणूस गेल्यासारखं येतं आणि तितकेच महिने घेतं. या काळात “झालं ते बरंच झालं”, “निदान पगार तरी चांगला आहे” ही वाक्यं त्याला ऐकवू नयेत. बाबांना आम्ही सांगितलं की त्याच्या शेवटच्या सामन्याबद्दल विचारा, कुठला चेंडू चुकला ते विचारा, आणि ऐका. त्यांनी विचारलं. तासभर मुलगा बोलत होता. व्यायाम एकदम बंद करू नये, कारण शरीराला रोजच्या कष्टाची सवय असते आणि ती अचानक तुटली की झोप आणखी बिघडते.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली राहिली, किंवा “कशालाच अर्थ नाही” असं बोलणं सुरू झालं, तर थेरपिस्टकडे न्यावं. तातडीच्या वेळी अमेरिकेत ९८८ या नंबरवर चोवीस तास कोणीतरी असतं. कॉलेजचा समुपदेशक पदवीनंतर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. त्यामुळे आईबाबांच्या पॉलिसीत मानसिक आरोग्याचा खर्च किती बसतो आणि नेटवर्कमध्ये कोण आहे, हे मुलाचा शेवटचा मोसम चालू असतानाच फोन करून विचारून ठेवावं.