एकट्याने खेळायच्या गेममध्ये मॉड टाकायला लायसन्स करारानेच परवानगी द्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही जीटीए ५ (ग्रँड थेफ्ट ऑटो ५) हा गेम फक्त स्टोरी मोडमध्ये, म्हणजे एकट्याने, खेळता, ऑनलाइन जात नाही, मॉड (मूळ गेममध्ये बदल करणाऱ्या, बहुधा खेळाडूंनीच बनवलेल्या फाइली) टाकून गाड्या, पाऊस, उजेड वगैरे बदलता. तरी करारात गेममध्ये फेरफार करायला मनाई छापलेली दिसते. कोणाचंच काही बिघडत नसताना ही मनाई असावी का?

नसावी. करारानेच परवानगी द्यावी, आणि ती लेखी असावी. ‘आम्ही काही बोलणार नाही, तुम्ही करा’ अशी तोंडदेखली नको. मी वकील नाही. पण कंपनीत येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं लायसन्स वाचून कोणतं चालेल आणि कोणतं गोत्यात आणेल हे सांगणं माझ्या नोकरीचा भाग आहे, त्यामुळे ‘आय अ‍ॅग्री’च्या वरचा मजकूर वाचायची खोड लागली आहे. गेम कंपन्यांच्या करारांत मला खटकतं ते हेच, की कागदावर सरसकट बंदी आणि व्यवहारात सरसकट डोळेझाक. बंदी आहे म्हणून मॉड थांबत नाहीत, आणि डोळेझाक आहे म्हणून मॉड बनवणारा निर्धास्त होत नाही.

जीटीएचंच बघा. पीसीवर जीटीए ५ आला एप्रिल २०१५ मध्ये. त्याच्या फाइली उघडून आतली मॉडेलं (वस्तूंचे आकार), टेक्स्चर (त्यांच्यावर चढवलेली चित्रं) बदलायची तर ओपनआयव्ही नावाचं टूल लागतं. जीटीए ४ च्या काळापासून हौशी लोकांनी बनवलेलं, फुकट. जून २०१७ मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिने या टूलवाल्यांना कायदेशीर नोटीस धाडली. कारण असं सांगितलं गेलं की या टूलमुळे ऑनलाइन खेळणाऱ्यांना छळणारे मॉड तयार होतात. टूलवाल्यांचं म्हणणं, आमचं टूल जीटीए ऑनलाइनला हातच लावत नाही. पण हौशी माणूस कोर्टाची पायरी कशाला चढेल? त्यांनी टूल वाटणं बंद केलं. खेळाडू भडकले, स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक रिव्ह्यूंचा खच पडला, आणि जेमतेम दहा दिवसांत रॉकस्टारने निवेदन काढलं: पीसीवरचे, सिंगल-प्लेअर, बिगर-व्यावसायिक आणि इतरांच्या बौद्धिक संपदेचा मान राखणारे प्रकल्प असतील तर टेक-टू सहसा कायदेशीर कारवाई करणार नाही.

ओपनआयव्ही परत आलं. लोकांनी विजय साजरा केला. त्याच निवेदनाच्या शेपटाला मात्र लिहिलं होतं की हे लायसन्स नाही, कोणत्याही प्रकल्पाला मान्यता नाही, आणि हे आम्ही वाटेल तेव्हा बदलू किंवा मागे घेऊ.

आपल्याकडच्या लिव्ह अँड लायसन्स करारात ‘भिंतीला खिळे ठोकू नयेत’ असं कलम असतं, आणि किल्ली देताना घरमालक म्हणतो, ‘ठोका हो, घर तुमचंच आहे.’ डिपॉझिट परत करायची वेळ आली की त्याला ते कलम बरोबर आठवतं.

गेम कंपनीला कलम कधी आठवतं? जुनाच माल नव्याने विकायला काढताना. टेक-टूने २०२१ मध्ये जीटीए ३, वाइस सिटी आणि सॅन अँड्रियास यांची नवी आवृत्ती नोव्हेंबरात बाजारात आणली. त्याआधीच्या काही महिन्यांत या जुन्या गेमचे, वर्षानुवर्षं कोणाला न खुपलेले, कितीतरी मॉड कंपनीच्या तक्रारींवरून उतरवले गेले. जीटीए ३ आणि वाइस सिटीचा कोड उलगडून नव्याने लिहिणाऱ्यांवर तर सप्टेंबरात कॅलिफोर्नियात खटला गुदरला. कोड उलगडून जाहीर करणं हे मॉडच्या पुढचं प्रकरण आहे, त्यावर कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. पण त्यातही गेमची चित्रं, आवाज दिलेले नव्हते. खेळायला तुमच्याकडे मूळ गेम विकत घेतलेला असावाच लागे. आपल्याकडची एक अख्खी पिढी ज्या वाइस सिटीवर सायबर कॅफेत तासाच्या दराने वाढली, तो गेम नव्या मशीनवर नीट चालावा म्हणून फुकट राबणारी माणसं ही. (त्या कॅफेतली कॉपी कुठून आलेली असायची यावर न बोललेलंच बरं.)

आता कंपनीची बाजू, कारण ती साधी नाही. त्यांच्या भीतीचं मूळ २००५ मध्ये आहे. सॅन अँड्रियास पीसीवर आला आणि लगेच ‘हॉट कॉफी’ नावाचा मॉड निघाला. त्याने गेममध्ये लपवून ठेवलेला, अर्धवट सोडलेला एक लैंगिक प्रसंग खेळता येऊ लागला. रॉकस्टारने आधी हॅकरांकडे बोट दाखवलं. मग कळलं की मॉडने नवं काही घातलंच नव्हतं, कंपनीनेच तो प्रसंग डिस्कवर ठेवून वरून झाकला होता, मॉडने झाकण काढलं. गेमना वयानुसार रेटिंग देणाऱ्या अमेरिकेतल्या ईएसआरबीने जुलैमध्ये गेमचं रेटिंग बदलून थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ केलं आणि मोठ्या दुकानांनी तो फळीवरून उतरवला. कंपनीला हा फटका जबर बसला. तेव्हापासून प्रकाशकांच्या वकिलांना मॉड म्हटलं की हाच प्रसंग आठवत असणार. मी मात्र यातून उलटा निष्कर्ष काढतो. करारात फेरफाराची मनाई असून मॉड निघालाच ना? त्या कलमाने कंपनीला रेटिंगपासून वाचवलं नाही, दुकानदारांपासूनही नाही.

दुसरी भीती ऑनलाइनची. ही खरी आहे. मॉड टाकलेला गेम घेऊन कोणी सगळ्यांच्या सर्व्हरवर आला तर बाकीच्यांच्या खेळाचं वाटोळं होतं, आणि तिथे बंदी हवीच. पण एकट्याचा खेळ आणि ऑनलाइन खेळ वेगळे करता येत नाहीत, हे आता रॉकस्टारही म्हणू शकणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जीटीए ऑनलाइनला बॅटलआय हे चीट पकडणारं सॉफ्टवेअर जोडलं, आणि लाँचरच्या (गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये ते बंद करायची सोयही दिली. बंद केलं की ऑनलाइन दार बंद, स्टोरी मोड चालू. मशीनवर जे एका क्लिकने वेगळं होतं ते करारात एका वाक्याने वेगळं करायला काय हरकत आहे?

पैशाचा मुद्दा जरा सविस्तर घेतो, कारण इथे मी बराचसा कंपन्यांच्या बाजूने आहे. ड्यूक न्यूकेम ३डी या गेमबरोबर लेव्हल बनवायचा एडिटर मिळत असे आणि लायसन्समध्ये लिहिलं होतं की लेव्हल बनवा, पण वाटायच्या त्या फुकटच. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने खेळाडूंनी बनवलेल्या ३०० लेव्हल इंटरनेटवरून उतरवल्या आणि सीडीवर घालून विकायला काढल्या. लेव्हल फाइलमध्ये गेमचं एकही चित्र नव्हतं, कोणती वस्तू कुठे ठेवायची एवढ्याच सूचना होत्या. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की या म्हणजे ड्यूकच्या नव्या गोष्टी आहेत, उत्तरकथा आहेत, आणि उत्तरकथा लिहायचा हक्क मूळ मालकाचा. मला हा निकाल पटतो. पण त्याची दुसरी बाजू बघा: परवानगी लेखी होती, तिची अटही लेखी होती, म्हणून फुकट लेव्हल बनवणाऱ्यांना कोणी हात लावला नाही आणि विकणारा मात्र नेमका सापडला. चांगलं लायसन्स असं काम करतं.

याउलट मॉडमधून आपणच पैसे करायचे ही कंपन्यांची घाईही महागात पडते. बेथेस्डा कंपनीच्या स्कायरिम या गेमचे मॉड विकत घ्यायची सोय स्टीमवर २३ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. किमतीतला २५ टक्के वाटा मॉड बनवणाऱ्याला, बाकी व्हॉल्व्ह (स्टीमची मालक कंपनी) आणि बेथेस्डाला. चार दिवसांत गुंडाळावी लागली. आणि ब्लिझर्ड या गेम कंपनीचा किस्सा तर याहून कडू. तिच्या वॉरक्राफ्ट ३ च्या एका मॉडमधून डोटा हा गेम जन्मला, पुढे व्हॉल्व्हने त्या नावावर डोटा २ उभा केला आणि ब्लिझर्ड हात चोळत बसली. म्हणून जानेवारी २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ नव्याने आणताना त्यांनी धोरणात लिहून टाकलं की खेळाडूंनी बनवलेला प्रत्येक कस्टम गेम ही ब्लिझर्डची मालमत्ता. ही लेखी परवानगीच आहे, पण असली असण्यापेक्षा नसलेली बरी. तुमची रात्र रात्र जागून केलेली कल्पना त्यांच्या नावावर, आणि तुम्ही मात्र पाहुणे.

चांगला नमुना हवा असेल तर माइनक्राफ्टचा करार वाचा. जावा आवृत्तीसाठी तुम्ही मुळापासून बनवलेला मॉड तुमचा, तो वाटा, फक्त विकू नका, आणि गेमचीच बदललेली प्रत वाटू नका. समजायला वकील लागत नाही. माइनक्राफ्टचं यामुळे काही वाईट झालेलं मला तरी दिसत नाही.

तुम्ही भारतात राहता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ती गेमिंगच्या चर्चांत फारशी येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एडी) नुसार, स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी संगणक प्रोग्रॅमची प्रत किंवा रूपांतर करणं हा हक्कभंग नाही. हे १९९९ च्या दुरुस्तीत आलं. गेममधली चित्रं, संगीत ही प्रोग्रॅम नव्हेत, पण त्यांच्या खासगी वापरासाठी त्याच कलमात वाजवी वापराची वेगळी सूट आहे. म्हणजे विकत घेतलेल्या गेममध्ये घरच्या घरी तुम्ही जे करता त्याकडे आपला कायदा गुन्हा म्हणून बघत नाही. करार मोडला म्हणून कंपनी लायसन्स रद्द करू शकते, खातं बंद करू शकते, ती गोष्ट वेगळी. क्रॅक केलेल्या कॉपीला यातलं काहीही लागू नाही, आणि मॉड बनवून जगाला वाटणं ‘वैयक्तिक’ राहत नाही. अडचण नेमकी इथेच येते. टाकणारा सुरक्षित आणि बनवणारा उघड्यावर. म्हणून कायदा पुरेसा नाही, करारात लिहायला हवं.

युरोपातही वारा त्याच दिशेचा आहे. सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर मोटरस्टॉर्म या रेसिंग गेममध्ये अमर्याद टर्बो मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोनीने खटला भरला होता. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की गेम चालू असताना मेमरीत साठणारी मूल्यं बदलली, मूळ कोडला हात लावला नाही, तर प्रोग्रॅमच्या कॉपीराइटचा भंग होत नाही.

एका बाबतीत मात्र मॉडवाल्यांनी स्वतःकडे बघावं. तुमच्या गेममध्ये स्कॉर्पिओ किंवा बुलेट असेल तर ती महिंद्रा किंवा रॉयल एनफिल्डला विचारून आलेली नसते. बस सिम्युलेटर इंडोनेशिया या मोबाइल गेमसाठी आपली पोरं एसटीची लालपरी इतक्या प्रेमाने रंगवतात की डेपोचं नाव आणि फलकही चुकत नाही. गेम कंपनीला गाड्यांचे मॉड चालतात. एसटी महामंडळाचं बोधचिन्ह वापरायची परवानगी मात्र ती कंपनी देऊ शकत नाही, ते तिच्या हातातच नाही. लायसन्समध्ये ‘इतरांच्या हक्कांची जबाबदारी मॉड बनवणाऱ्याची’ असं कलम आलं तर त्याला मी जाच म्हणणार नाही.

मला कराराचा मसुदा करायला दिला तर एवढंच लिहीन: विकत घेतलेल्या प्रतीत ऑफलाइन खेळासाठी मॉड करायला, वापरायला आणि फुकट वाटायला परवानगी आहे. मूळ गेमच्या फाइली वाटायच्या नाहीत. मॉडवर हक्क बनवणाऱ्याचा. मॉडमुळे गेम बिघडला तर आम्ही दुरुस्त करून देणार नाही. आणि ही परवानगी या आवृत्तीपुरती मागे घेता येणार नाही. यातलं शेवटचं वाक्य कोणत्याही कंपनीचा वकील खोडेल हे मला माहीत आहे, पण भांडायचं तर त्या वाक्यासाठी.

तोवर तुमच्यापुरतं: मूळ फाइलींना हात न लावता ओपनआयव्हीच्या ‘मॉड्स’ फोल्डरमध्येच बदल करा. बॅटलआय बंद ठेवूनच स्टोरी मोड उघडा. मित्राच्या आग्रहाने कधी ऑनलाइन जायची वेळ आलीच तर आधी ते फोल्डर आणि सोबतच्या एएसआय फाइली (नावाच्या शेवटी .asi असलेल्या मॉडच्या फाइली) गेमच्या फोल्डरमधून बाहेर काढा. आणि आवडते मॉड डाउनलोड करून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा, नुसत्या लिंक साठवू नका. २०२१ मध्ये ज्यांनी लिंक ठेवल्या होत्या त्यांना नंतर रिकामी पानं मिळाली.