साभार परत आलेल्या प्रेमकथा

आदरणीय ताई,
मी 36 वर्षांची आहे, ऐरोलीत राहते आणि रबाळ्याच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. गेल्या तीन वर्षांत मी अकरा छोट्या प्रेमकथा लिहून मासिकांकडे आणि दिवाळी अंकांकडे पाठवल्या. एकही छापून आली नाही. पाच ठिकाणांहून नकार आला, बाकीच्यांनी उत्तरच दिले नाही. सर्वांत लाडकी कथा यंदा अनंत चतुर्दशीनंतर एका दिवाळी अंकाला पाठवली आणि चारच दिवसांत ‘आपली कथा अंकाच्या स्वरूपात बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. ठाणे स्टेशनात वाशी लोकलची वाट पाहत असताना ते वाचले आणि दोन गाड्या तशाच सोडून दिल्या. त्याच अंकात माझ्या मैत्रिणीची कथा आली आहे. तिचे अभिनंदन करणे मला अजून जमलेले नाही. यजमान म्हणतात, “प्रेमकथा आता कोण वाचते? दुसरे काहीतरी लिही.” मी लिहिणे थांबवावे का? त्या कथेची प्रत सोबत जोडली आहे.
— ‘साभार परत’, ऐरोली

प्रिय ‘साभार परत’,

तुमचे टोपणनाव वाचून मी आधी हसले आणि मग थोडी वरमले, कारण हे दोन शब्द मी स्वतः पुष्कळ जणांना लिहून पाठवले आहेत. एके काळी चार पावसाळे मी ठाण्याच्या नौपाड्यातील एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचे पहिले वाचन करत असे. तेव्हा कथा टपालाने येत. लेखक स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट चिकटवलेले पाकीट सोबत जोडत, आणि नापसंत कथा त्याच पाकिटातून परत जाई. माझ्याही सात कथा अशाच घरी परतल्या होत्या. पोस्टमनच्या हातात स्वतःच्याच अक्षरातले जाड पाकीट दिसले, की ते फोडण्याची गरजच उरत नसे. त्यामुळे तुम्ही सोडलेल्या दोन गाड्यांचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आता त्या एका ओळीविषयी. ‘अंकाच्या स्वरूपात बसत नाही’ हे वाक्य आम्हीही लिहीत असू. कथा लांब असली तरी लिहीत असू, त्याच धर्तीची दुसरी कथा आधीच घेतलेली असली तरी लिहीत असू, आणि खरे सांगायचे तर कथा आवडली नाही तरी हेच लिहीत असू. म्हणजे या वाक्यावरून कथा चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही मात्र ते इतक्या वेळा वाचले आहे की त्यात नसलेला मजकूरही तुम्हाला दिसू लागला आहे. प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडते. पाणीटंचाईवरची कथा परत आली तर लेखक संपादकाला नावे ठेवून मोकळा होतो; प्रेमकथा परत आली की आपल्या मनातला हळवेपणाच कुणीतरी खोटा ठरवला, असे वाटू लागते. संपादकाने तुमचे मन वाचलेले नसते. त्याने कथा वाचलेली असते, आणि कधीकधी तीही पुरती नाही.

तुमच्या बाबतीत तर ती मुळीच वाचली गेली नसावी, असा मला दाट संशय आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा रुजली, तेव्हापासून या अंकांची सारी धावपळ एका तिथीभोवती फिरते. दिवाळीआधी अंक वाचकाच्या हातात पडायचा, तर अक्षरजुळणी, चित्रे, मुद्रितशोधन आणि छपाई यांसाठी पुरेसा वेळ हवा. आमच्याकडे कथांची निवड आषाढात सुरू होई आणि गणपती येईपर्यंत बहुतेक पाने ठरलेली असत. अनंत चतुर्दशी ते दिवाळी यांत जेमतेम दीड महिना असतो. तुमची कथा पोहोचली तेव्हा मांडव सोडवायला सुरुवात झाली असणार. पुढच्या वर्षी ती मे महिन्यात पाठवा.

मात्र ती आहे तशी पाठवू नका. मी ती दोनदा वाचली. वडिलांना डबा घेऊन रोज ठाण्याच्या रुग्णालयात येणारी नायिका आणि शेजारच्या खाटेवरील आजींचा मुलगा, ही बारा दिवसांची गोष्ट मला मनापासून आवडली. आमच्याकडे एका वर्षी तलावपाळीवर, पावसात, एकाच छत्रीखाली उभी असलेली इतकी जोडपी आली होती, की आणखी एक आले असते तर मासुंदा तलावाच्या पायऱ्या बुडाल्या असत्या. तुमच्या कथेत छत्री नाही, मोसंबे आहे. चौथ्या पानावर तो मोसंबे सोलतो, फोडींवरची पांढरी साल काढतो, बिया बाजूला करतो आणि काही न विचारता अर्ध्या फोडी नायिकेच्या वडिलांच्या ताटलीत ठेवतो. ती डब्याचे झाकण हातात धरून ते नुसते पाहत राहते. तिथे प्रेम हा शब्द नाही आणि तो नाही म्हणूनच तिथे प्रेम आहे.

तथापि त्या पानापर्यंत पोहोचण्यासाठी मला नायिकेचे बालपण, तिचे मोडलेले पहिले लग्न आणि वडिलांची गिरणीतील नोकरी अशी अडीच पाने ओलांडावी लागली. पहिले वाचन करणाऱ्याच्या टेबलावर ढीग असतो; तो तुमच्यासाठी अडीच पाने थांबत नाही, आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही रास्त नाही. कथा वॉर्डातच सुरू करा. याहून मोठी चूक शेवटी आहे. वडिलांना घरी सोडतात, आणि पुढच्याच परिच्छेदात सहा महिने उलटून दोघांचे लग्न होते. एकदा मोडलेल्या संसाराचा धाक असलेली बाई पुन्हा कुणावर विश्वास टाकते कशी, हाच तुमच्या कथेचा खरा प्रश्न होता, आणि तोच तुम्ही त्या सहा महिन्यांत बुडवून टाकलात. लग्न लागले म्हणजे प्रेमकथा पूर्ण झाली, असे होत नाही. माझ्या मते ती तेराव्या दिवशी संपते: तिला आता रुग्णालयात येण्याचे कारण उरलेले नाही, आणि तरी ती डबा भरते. अर्थात कथा तुमची आहे; माझा शेवट पटला नाही तर खुशाल सोडून द्या.

मैत्रिणीविषयी तुम्ही लिहिलेत, हे मला आवडले. पुष्कळ लोक ही गोष्ट लपवतात. तुम्हाला तिचा हेवा वाटतो आहे; तो वाटू द्या, पण त्यापायी तिला ताटकळत ठेवू नका. आधी तिची कथा वाचा आणि मगच फोन करा. नुसते ‘अभिनंदन’ म्हणणे जड जाईल, पण तिच्या कथेतील आवडलेल्या एखाद्या जागेविषयी बोलणे तितके जड जात नाही. जमल्यास तिने कथा कोणत्या महिन्यात पाठवली होती आणि ती किती शब्दांची होती, हेही विचारा. 

यजमानांच्या बोलण्यावर मी फार वेळ घालवणार नाही. त्यांनी ही कथा वाचल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेही नाही. सुधारलेली प्रत त्यांना वाचायला द्या. त्यानंतर त्यांचे मत विचारात घेता येईल.

उरलेल्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत आणि हिशेब विभागातील व्यक्तीला त्या शिकवाव्या लागू नयेत. कार्यालयात जशी जावक नोंदवही असते, तशी कथांची एक वही ठेवा: कोणती कथा, किती शब्द, कुणाकडे, कोणत्या तारखेला पाठवली आणि उत्तर काय आले. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी असावी. तीन महिने उत्तर आले नाही तर ‘कथा अन्यत्र पाठवत आहे’ असे दोन ओळींचे पत्र लिहून ती मोकळी करून घ्या. न आलेल्या उत्तरांना नकार समजून बसण्यात तुमची तीन वर्षे गेली आहेत. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. छापण्यासाठी पैसे मागणाऱ्यांना किंवा अंकाच्या इतक्या प्रती विकत घ्या म्हणणाऱ्यांना कथा देऊ नका. आणि ज्या अंकाकडे कथा पाठवायची, त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी वाचा. सगळे विकत घेण्याची गरज नाही. अनेक वाचनालयांत दिवाळी अंक वाचायला देण्याची योजना असते, आणि तुमचे ठाण्याला येणे-जाणे होत असेल, तर 1893 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय तिथेच आहे. त्या अंकांतील कथा साधारण किती शब्दांच्या आहेत ते मोजा. तुमची कथा चार हजारांच्या पुढे गेली आहे. ती अडीच पाने गेली तर बरेच काम आपोआप होईल.

लिहिणे थांबवावे का, असे तुम्ही विचारले आहे. मोसंब्याचा परिच्छेद लिहिणाऱ्या बाईला मी तरी ‘थांबा’ म्हणणार नाही. आधी या एकाच कथेचे पुनर्लेखन करा. उरलेल्या दहांकडे नंतर पाहू.

तुमची प्रत पेन्सिलच्या खुणांसह पत्रावरील पत्त्यावर टपालाने पाठवत आहे. पाकीट जाड असेल, पाहून दचकू नका. चौथ्या पानावर एकही खूण नाही.