लॉगबुकवर सही कोण करणार, ते आधी विचार

वाकोला, मुंबई
रविवार, दुपार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी नाइटला होतो. पहाटे घरी येऊन पुन्हा वाचला. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'हो काका, हो काका' म्हणतेस आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून लिहायला बसलोय.

तू विचारलंयस: एएमईचा, म्हणजे विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरचा, कोर्स झाला, बाबांनी पीएफमधून पैसे उचलले, आणि आता विमान कंपनी महिन्याला १५ हजार देऊ करतेय. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात २६ मिळतायत, वर कंपनीची बस आहे. मी मूर्खपणा करतेय का?

मूर्खपणा अजिबात नाही. पण '१५ की २६' एवढंच पाहिलंस तर उत्तर चाकण येणार हे आत्ताच ठरलेलं आहे. आणि 'आवड की पैसा' असं पाहिलंस तर तू भावनेच्या भरात इकडे येशील आणि वर्षभरात रडत परत जाशील. 'विमानांची आवड आहे ना, मग पैशांचं काय एवढं' हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय, आणि ते बोलणाऱ्याचा पगार नेहमी चांगला असतो. तुला कोणी ते ऐकवलं तर तिथून उठ.

पगार कमी का आहे ते आधी समजून घे, नाहीतर तुला वाटेल की आपलीच किंमत तेवढी. आपल्याकडच्या विमान कंपनीचा बराचसा खर्च डॉलरमध्ये असतो. विमानं बहुतेक भाड्याची, त्यांचं भाडं डॉलरमध्ये. सुटे भाग आणि इंजिनाची मोठी दुरुस्ती, तीही डॉलरमध्ये. इंधन हा सगळ्यांत मोठा खर्च, ते अजून जीएसटीत आलेलं नाही, त्यावर राज्याराज्यांचा व्हॅट आहे. तिकिटाचे पैसे मात्र येतात बहुतेक रुपयांत. रुपया घसरला किंवा तेल चढलं की कंपनीला आपल्या हाताने कापता येण्याजोगं फारसं काही उरत नाही, उरतात ती माणसं. वैमानिकाला फार दुखावता येत नाही. विमान सोडण्याची सही करणाऱ्या इंजिनिअरलाही नाही, कारण तो लायसन्स खिशात घालून समोरच्या हँगरमध्ये जाऊ शकतो. मग कात्री चालते ती टेक्निशियन, ट्रेनी आणि लोडर यांच्यावर. २०२२ च्या जुलैमध्ये हैदराबादला आणि दिल्लीला टेक्निशियन मुलं एकदम आजारपणाची रजा टाकून घरी बसली होती, ती पगारावरूनच. तुझ्या बाबांनी एसटीचा संप आतून पाहिलाय. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्यात दरवर्षी कोर्स करून बाहेर पडणारी मुलं भरपूर, आणि त्यांना ज्यावर हात चालवायचा ती उडती विमानं मोजकी. ही अडचण तुझ्या गुणांनी सुटणारी नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझी सगळी मॉड्यूल्स, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेचे पेपर, सुटली तरी लायसन्स हातात येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून कोर्स केला असला तरी बी १.१ साठी, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या यांत्रिक कामाच्या लायसन्ससाठी, चालू विमानांवरच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो लॉगबुकमध्ये कामागणिक लिहिलेला, अधिकार असलेल्या माणसाने सही केलेला लागतो. मग लायसन्स, मग टाइप रेटिंग (एकेका प्रकारच्या विमानासाठीची वेगळी पात्रता), मग कंपनीचं ऑथरायझेशन (कंपनीकडून सहीचा अधिकार). त्या सगळ्या पायऱ्या चढलीस की विमानाच्या कागदावर सीआरएसची, म्हणजे विमान सोडण्याची, सही तुझी. टेक्निशियनचा पगार आणि सही करणाऱ्याचा पगार यांत कित्येक पटींचा फरक आहे. म्हणजे या दोन वर्षांत कंपनीकडून तुला घ्यायची आहेत ती सही झालेली पानं. ती मिळणार असतील तर १५ हजारांत कसं भागवायचं याचा विचार आपण करू. मिळणार नसतील तर ३० हजार दिले तरी तिथे थांबू नकोस.

हे मी माझ्यावर गुदरलं म्हणून सांगतोय.

१९९४ मध्ये कायदा बदलला आणि खासगी विमान कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. त्या पहिल्या लाटेतल्या एका कंपनीत मी चिकटलो. पगार १८०० रुपये. परळच्या चाळीत मावशीकडे राहायचो, खोलीत ती सगळी आणि मी बाहेर गॅलरीत. चौदा महिने मी चाकं बदलली, ब्रेक बदलले, पॅनेल उघडली-लावली, स्कायड्रॉल हे हायड्रॉलिकचं तेल डोळ्यांत उडून दोन-दोन दिवस डोळे लाल घेऊन फिरलो. लॉगबुकचं विचारलं की सुपरवायझर म्हणायचे, 'लिहून ठेव रे, एकदम सही करू.' माणूस चांगला होता, मनात काही वाईट नव्हतं. मग एके दिवशी विमानांचे मालक विमानं घेऊन गेले आणि कंपनीला टाळं लागलं. तीन महिन्यांचा पगार बुडाला, त्याचं आज काही वाटत नाही. पण चौदा महिन्यांच्या कामावर एक सही नव्हती. क्वालिटीचे साहेब तोवर आखातात निघून गेलेले. पुढच्या ठिकाणी मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. त्या काळात माझी आई आजारी पडली आणि तिच्या दवाखान्याचं बिल तुझ्या आजोबांनी भरलं, वर्कशॉपच्या सोसायटीतून कर्ज काढून. तुझ्या बाबांनी हे तुला कधी सांगितलं नसणार.

म्हणून माझं ऐक. रुजू होण्याआधी एचआरला नाही, तिथे आत्ता काम करणाऱ्या ट्रेनीला गाठ आणि विचार: तुमच्या लॉगबुकवर शेवटची सही कधी झाली? 'गेल्या आठवड्यात' किंवा 'गेल्या महिन्यात' म्हणाला तर ठीक. 'होते वर्षाअखेरीस' म्हणाला तर सावध हो. तू कोणाच्या पटावर असणार तेही विचार. हल्ली मुलांना मधल्या एजन्सीमार्फत घेतात. तसं असेल तर अनुभवाचं पत्र डीजीसीएची (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) मान्यता असलेल्या मेंटेनन्स संस्थेच्या शिक्क्याचं मिळणार का, हे लेखी घे. आणि तुला कामाला लावणार कुठे? काही ठिकाणी ट्रेनी वर्षभर सीटांची कव्हरं बदलतो आणि चाकांना चॉक लावतो. तेही काम आहे, मी त्याला हलकं म्हणत नाही, पण लायसन्सला त्याचा उपयोग नाही. इंजिनाचं काउलिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, उघडताना तू तिथे उभी असायला हवीस.

लाइन (दोन उड्डाणांमधली दुरुस्ती) आणि बेस (हँगरमधली मोठी दुरुस्ती) यांतलं निवडता आलं तर पहिली दोन वर्षं बेस घे. लाइनवर रात्री विमान येतं, पहाटे जातं. दोष शोधायची नजर तिथे तयार होते, पण हातघाई असते आणि शिकवायला कोणाला वेळ नसतो. बेसला मात्र सी चेकसाठी, म्हणजे मोठ्या तपासणीसाठी, विमान हँगरमध्ये दिवसच्या दिवस सोलून ठेवलेलं असतं. तिथे तुला गंज दिसेल, तडे दिसतील, एखाद्या नियमाची ओळ का लिहिली गेली ते डोळ्यांना दिसेल. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेला मोठा हँगर २०१५ पासून चालू आहे, आजूबाजूला आणखीही काम वाढतंय. नागपुरात खोलीचं भाडं मुंबईच्या मानाने किती कमी, ते चौकशी करून पाहा. मुंबईच हवी हा हट्ट मनातून काढ. तिथे जागा निघतेय का याची चौकशी मी करतोय.

आता तुझ्या त्या अप-डाउनबद्दल. भाडं वाचवायला पुण्याहून सिंहगडचा पास काढून येऊन-जाऊन करीन, असं लिहिलंयस. ते वाचून मी खरोखर घाबरलो. नवी मुंबईला पोस्टिंग मिळालं तरी हे करू नकोस, नकाशावर उलव्याचा विमानतळ जवळ दिसतो म्हणून फसू नकोस.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ एका लहान कंपनीचं टर्बोप्रॉप विमान पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसं गेली. सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी होती. पगार इतका थोडा की ती सिएटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि ड्यूटीसाठी अख्खा देश ओलांडून नेवार्कला यायची. आदल्या रात्रीही ती तशीच रात्रभर प्रवास करून आली आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तशी पडली. चौकशीत अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनने विमान चुकीचं हाताळलं हे ठरलं. पण सुनावणीत तिचा पगार आणि तिचा प्रवास सगळ्या देशापुढे आला. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला, विश्रांतीचे नियम बदलले, सहवैमानिकाला लागणारे तास वाढले. पगार कमी असला की झोप विकून पैसे वाचवावे लागतात, हे तिकडे इतकी माणसं गेल्यावर कागदावर आलं. माणसाच्या चुका आणि मर्यादा शिकवणारं नववं मॉड्यूल तू पास झालीयस. थकवा त्यात पाठ केलास, आता तो स्वतःच्या अंगावर ओढवून घेऊ नकोस. रात्रीची शिफ्ट, चार तासांचा प्रवास आणि मग हातात टॉर्क रेंच, हे मी तुला करू देणार नाही.

म्हणून खर्चाचं उघड बोलू. आमच्या हँगरमधल्या दोन मुलांना विचारलं. मरोळला तिघांत खोली, प्रत्येकी साधारण सहा हजार. डबा चार हजार. पास, फोन, बूट, औषधपाणी. हातात काही उरत नाही, आणि ओव्हरटाइमच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणजे दोन वर्षं तू घरी एक रुपया पाठवू शकणार नाहीस. बाबांना हे आजच सांग. ते मनात धरून बसलेत की पहिल्या पगारापासून तू पीएफचे पैसे फेडायला लागशील. आणि घराला खरोखरच आत्ता पैशांची गरज असेल तर चाकणला जा. त्यात कमीपणा काहीही नाही. उरलेली दोन मॉड्यूल्स तिथे राहून दे, वर्षभराने पुन्हा बघू. उशीर होईल, दार बंद होणार नाही.

इकडे आलीस तर पहिले सहा महिने आमच्याकडे राहायचं. धाकटा बंगळुरूला गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे. काकूनेच हे आधी सुचवलं. भाड्याचं नाव काढू नकोस, तुझ्या आजोबांचं मी वर लिहिलंय.

पुढचंही थोडं आत्ताच कानावर घालतो. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दर वेळी आमच्याकडे माणसं रांगेने आली. वीस वर्षांचे अनुभवी लोक फाइल छातीशी धरून बसलेले मी पाहिलेत. त्यांतले लवकर उभे राहिले ते बहुतेक एकाहून जास्त टाइप असलेले. बाहेरच्याला ए ३२० एकच दिसतं, पण लायसन्सवर ते इंजिनासकट लिहिलेलं असतं. सीएफएम ५६ वेगळं, व्ही २५०० वेगळं, लीप वेगळं, प्रॅट अँड व्हिटनीचं ११०० जी वेगळं. तेव्हा कंपनी टाइपला पाठवेल तेव्हा इंजिन कोणतं ते विचार. आणि लायसन्स मिळाल्यावर मोठा खंड पडू देऊ नकोस. गेल्या दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचं काम दाखवता आलं नाही तर लायसन्स असूनही सही करता येत नाही. मुलींना लग्न-बाळंतपणात याचा फटका बसतो आणि तो आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय. परदेशाचं स्वप्न असेल तर एवढंच लक्षात ठेव की डीजीसीएचं लायसन्स युरोपात तसंच्या तसं चालत नाही, तिथल्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात.

हँगरमध्ये मुली अजून थोड्या आहेत. कपडे बदलायची खोली कुठे, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे मुलाखतीतच विचार. विचारलं म्हणून कोणी नाक मुरडलं तर ते ठिकाण कसं आहे ते तिथेच कळलं.

एक गोष्ट मात्र पगाराच्या हिशेबात कधी आणू नकोस. 'मला देतात १५ हजार, मग मी एवढं कशाला बघू' असं मनात येईल. मलाही आलं होतं, पहाटे चार वाजता, पावसात, पाय भिजलेले असताना. तसं वाटलं त्या दिवशी सुपरवायझरला सांगून बाजूला हो, चहा पी, पण न पाहिलेल्या कामापुढे टिक करू नकोस. त्या विमानात बसणाऱ्याला तुझा पगार ठाऊक नसतो.

बाँडचे, म्हणजे नोकरी मधेच सोडली तर भरायच्या रकमेच्या कराराचे, फोटो पाहिले. रक्कम तीन लाख लिहिलीय, पण ती काम केलेल्या महिन्यांप्रमाणे कमी होत जाते का, ते सापडलं नाही. तसं नसेल तर सही करायची नाही, आधी बदलून घ्यायचं. कोरा चेक मागितला तर द्यायचा नाही. मूळ गुणपत्रिका तर कोणाच्याही कपाटात ठेवायच्या नाहीत, दाखवायच्या आणि परत आणायच्या. चौथं पान फोटोत अंधूक आलंय, आणि मला वाटतं ते कलम त्याच पानावर असावं. उद्या दिवसा उजेडात खिडकीशी धरून पुन्हा काढ आणि पाठव. मंगळवारी मला सुट्टी आहे, दोघं बसून वाचू.

बाबांना नमस्कार, आईला सांग लोणचं पोचलं.

तुझा,
काका