पगार थकलाय, प्रार्थना करू की जाब विचारू?

प्रिय मावशी, जय ख्रिस्त. माझी आई विक्रोळीतल्या एका सोसायटीत कंत्राटदारामार्फत झाडलोट करते. दोन महिने पगार नाही. त्या सोसायटीचे चेअरमन आमच्याच मंडळीत 'वडील', म्हणजे कारभार पाहायला निवडलेले सभासद, आहेत. मागच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत मी उभी राहून 'ज्यांची मजुरी अडकली आहे त्यांच्यासाठी' एवढंच मागितलं, नाव कुणाचं घेतलं नाही. उपासना सुटल्यावर मला बाजूला बोलावून सांगण्यात आलं की हे राजकारण देवाच्या घरात नको. आईला हवे तर मदतनिधीतून हजार रुपये देऊ. आई म्हणते, गप्प बस, ती मोठी माणसं आहेत. मी संडेस्कूल घेते. मुलांना आता काय शिकवू?
— एक भगिनी, विक्रोळी

मुली, तू मागितलंस ते अगदी योग्य मागितलंस. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून आईला मोठ्याने वाचून दाखव. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला 'तू तिकडे उभा राहा' म्हणतात. हे पत्र मंडळीला लिहिलेलं आहे, सरकारला नाही. तेव्हा मजुरीची गोष्ट चर्चमध्ये नको म्हणणाऱ्याने आधी याकोबाला बाहेर काढावं लागेल.

हजार रुपयांचं आईला ठरवू दे. घरातला तांदूळ संपला असेल तर घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. पण ती मदत झाली. दोन महिन्यांची मजुरी आईची स्वतःची आहे आणि हजार घेतल्याने ती फिटत नाही. हे पैसे घेतानाच स्पष्ट सांगायचं.

आता पुढचं. कुणीतरी तुला मत्तयाचा अठरावा अध्याय दाखवेल: भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला कळव. वचन खरंच आहे. पण माझं मत असं की आईने एकटीने चेअरमनच्या दारात जाऊ नये. तिचं उद्याचं काम त्यांच्या हातात आहे; अशा भेटीत दोन भाऊ समोरासमोर बसलेले नसतात. पहिल्याच भेटीला दोघांना सोबत घ्या, त्यातली एक बाई असू दे. जाताना बँकेचं पासबुक आणि हजेरीच्या वहीचे फोटो न्या. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो चुकता करण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ मालकावर येते. इथे मूळ मालक म्हणजे सोसायटी. 'कंत्राटदाराकडे मागा' हे उत्तर चालणार नाही. सोसायटीच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एवढ्यानेही हललं नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, युनियन आहे. याच मुंबईत महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला, तो कामगार वर्षानुवर्षं एकत्र राहिले म्हणून.

आणि मंडळीचं काय? आपली मंडळी मूळची प्रेस्बिटेरियन, आणि त्या पद्धतीत बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून कारभार पाहतात. १९७०मध्ये वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर आपल्याकडे बिशप आले, तरी कमिटी अजून मंडळीच निवडते. म्हणजे ज्यांनी तुला बाजूला बोलावलं त्यांना तुम्हीच बसवलंय आणि जाब विचारणं हा तुमचा हक्क आहे. वार्षिक सभेच्या आधी लेखी विषय दे: आपल्या चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईला किमान वेतन मिळतं का, तिचा ईएसआय आणि पीएफ भरला जातो का, पगाराची पावती मिळते का. सुरुवात चेअरमनपासून नको, चर्चच्या झाडूपासून कर. आपला हिशेब चोख नसेल तर सोसायटीला कोणत्या तोंडाने विचारणार?

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतही अशीच तक्रार आली होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवलं नाही. सात जण निवडा म्हणाले, आणि स्तेफन, फिलिप्प धरून निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी दिली. हा प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय येत्या रविवारी मुलांना शिकव. वाटल्यास तांदूळ आणि वाट्या घेऊन जा, मुलांना लगेच कळेल.

माझे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. १९८२च्या संपात आमच्या मंडळीने धान्य गोळा केलं, तेव्हाही कुरकुर झालीच की संप हा काही चर्चचा विषय नाही. त्या वेळच्या पाळकांनी धान्य कुणाला किती द्यायचं हे ठरवायला संपावरच्या तिघांनाच बसवलं, त्यात माझे वडील होते. मिळालेल्या ज्वारीबद्दल ते फारसं कधी बोलले नाहीत. त्या तिघांच्या बैठकीबद्दल मात्र म्हातारपणापर्यंत बोलत. म्हणून सांगते, यंदाच्या निवडणुकीत कमिटीसाठी आईचं नाव सुचव. ती नाही म्हणेल. तरी सुचव.

•

मावशी, आम्ही धारावीत राहतो, मूळ गाव जालन्याजवळ. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू मांग' आहे आणि त्यावरच शिष्यवृत्ती मिळते. मला दृढीकरण घ्यायचंय, म्हणजे चर्चचा पूर्ण सभासद व्हायचंय. घरचे म्हणतात, चर्चच्या रजिस्टरवर नाव चढलं की दाखला जाईल. मी खोटा ठरतो का?
— विद्यार्थी, धारावी

बाळा, खोटं कुठून सुरू झालं ते आधी पाहू. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला गेला. १९५६मध्ये त्यात शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७मध्ये हा धर्माचा अडसर काढा असं सांगितलं, तरी तो निघालेला नाही. बाप्तिस्म्याने तुझ्या आजोबांची जात गावाच्या नजरेतून पुसली गेली नाही. सवलत मात्र पुसली जाते. हा अन्याय आहे आणि तो मी मंडळीतही बोलते, बाहेरही बोलते. जालन्याजवळच्या बेथेलला नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात मातंग कुटुंबांना घेऊन वस्ती उभी केली. ब्राह्मण घरातला माणूस तिथे जाऊन राहिला. त्या वस्तीतल्या पणतवंडांना आज कागदावर लपावं लागतं, याची मला चीड येते.

पण तुला अंधारात ठेवणार नाही. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा झालेल्या आणि नेमाने चर्चला जाणाऱ्या एका तरुणीचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. तेव्हा खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नकोस. धर्माचा रकाना असलेला कोणताही कागद भरण्याआधी वकिलाला विचार. ज्या घरांनी पोटासाठी जुना दाखला ठेवला, त्यांना मी खोटारडे म्हणत नाही. त्यांच्या भाकरीचा हिशेब मला ठाऊक आहे. दृढीकरण कधी घ्यायचं ते तू ठरव. शिक्षण होईपर्यंत थांबलास तर प्रभू तुला परका मानणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते. पाळकांना मात्र सगळं खरं सांग. आणि मंडळीत कुणी सोयरिकीच्या वेळी हळूच 'मूळचे कोण' असं विचारलं, तर त्यांना गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचायला सांग: ख्रिस्तात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद नाही.

•

आमच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी मिझो मुलामुलींची उपासना असते. काही सभासद म्हणतात, ढोल वाजतो, जेवणाचा वास राहतो, भाडं वाढवा. आपण काय म्हणाल?
— एक वडील, मध्य मुंबई

जय ख्रिस्त. विजेचं बिल वाटून घ्या, त्यावर एक पैसा नको. मिझोरामला प्रेस्बिटेरियन मंडळी वेल्सच्या मिशनऱ्यांमुळे उभी राहिली, आपली स्कॉटलंडच्या, घराणं एकच. आणि आपल्या मुंबईच्या मंडळीचा आरंभ तरी एकजिनसी कुठे होता? १८२९मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याभोवती पारशी धनजीभाई नौरोजी होते, ब्राह्मण नारायण शेषाद्री होते, ॲबिसिनियाहून (आजच्या इथिओपियाहून) आलेली मुलंही शिकत होती. त्यांच्या जेवणाचे वास काही एक नसतील.

परळला मी हॉस्पिटलात सिस्टर होते. ईशान्येकडून कॅन्सरच्या उपचारांना येणारी कुटुंबं तेव्हा पाहिली. भाषा येत नाही, खोली मिळत नाही, रस्त्यात लोक 'कुठल्या देशाचे' विचारतात. तुमच्या दुपारच्या उपासनेत अशी कुटुंबं येत असतील. त्यांच्याकडे जाऊन विचारा की खोलीला जामीन राहणारं कुणी हवंय का. तुमच्या सभासदांपैकी कुणाची खोली रिकामी असेल तर ती त्यांना द्या. इतर ठिकाणी मिळणारी नकारघंटा निदान मंडळीत वाजू नये.

ऑक्टोबरचा पहिला रविवार जागतिक प्रभुभोजनाचा असतो. ही प्रथा १९३३मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीने सुरू केली. त्या दिवशी दोन्ही उपासना एकत्र घ्या, भाकर आणि द्राक्षारस वाटायला दोन्हींकडचे वडील उभे करा, आणि त्याआधी त्यांच्यातल्या एकाला कमिटीच्या बैठकीला बोलवा. भाड्याचा विषय त्याच बैठकीत, तो समोर असताना घ्या.