डायपरचा डबा आणि वेळासची वाट

प्रिय पोरी,

तुझा निरोप दोनदा वाचला. धाकटा दीड वर्षाचा, थोरली सहाची, हाताशी चार दिवसांची सुट्टी आणि मनात टोचणी, की जाऊ तिथे धूर आणि कचरा मागे सोडून यायचं नाही. सोबत परदेशातल्या त्या ‘इको रिसॉर्ट’ची जाहिरातही पाठवलीस. बांबूच्या झोपड्या, कागदी स्ट्रॉ, सौरदिवे. छानच आहे गं सगळं. पण चौघांनी विमानाने तिथवर जाऊन यायला जे इंधन जळेल, ते कागदी स्ट्रॉने कसं भरून निघणार? आणि खरं सांगू का, दीड वर्षाच्या पोराला परदेश आणि परसदार सारखंच. मुंगी दिसली की त्याची सहल सुरू.

माझं सांगणं एवढंच, की जवळ जा, सावकाश जा आणि एकाच ठिकाणी मुक्काम टाक. दोन दिवसांत पाच ‘पॉइंट’ उरकणाऱ्यांचं पेट्रोलही जास्त जळतं आणि पोरंही जास्त रडतात. लहान मुलांची चाल मुळातच कमी धुराची असते, घाई आपल्याला असते.

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये वेळासला जाऊन ये. मंडणगड तालुक्यातलं, समुद्राकाठचं लहानसं गाव. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं तिथल्या वाळूत अंडी घालतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ती चोरीला जायची, उरलेली कुत्री-कोल्हे उकरून खायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला घेतली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. अंडी कुंपणातल्या वाळूत हलवतात, दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्याच घरी उतरायचं, त्यांच्या घरचं जेवायचं. आपले पैसे थेट त्या घरात जातात, म्हणून कासव जगवणं गावालाही परवडतं.

तू ठाण्याची, तेव्हा दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी धर आणि माणगावला उतर. तिथून एसटीने श्रीवर्धन-हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट आणि पुढे रिक्षा. ऐकायला द्राविडी प्राणायाम वाटेल. पण मुलांच्या बाजूने बघ ना. आगगाडी, लाल डबा, बोट, रिक्षा, एका दिवसात चार वाहनं! सावित्रीच्या खाडीत बोटीचं फळकूट खडखडत खाली येतं आणि त्यावरून मोटारसायकली आत चढतात, ते बघताना आमचा नातू हातातला लाडू खायचा विसरला होता. गाडीत मागच्या सीटवर बांधून नेला असता तर त्याला फक्त पुढच्या सीटची पाठ दिसली असती.

पैशांचंही सांगते. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही आणि एसटीचंही नाही. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे. म्हणजे तुझं अर्धं, लेकीचं अर्धं, पोराचं फुकट. नवऱ्याचं तेवढं पूर्ण.

थोरलीला गाडी लागते म्हणालीस. एसटीत पुढची, खिडकीची जागा धर, पोट गच्च भरू नकोस आणि उपाशीही ठेवू नकोस. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून चार-सहा जवळ ठेव. ओकारीला कापडी पिशवी चालत नाही, तिथे तत्त्व सांगत बसू नये. सासूबाईही सोबत येणार असतील आणि त्यांना गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नसेल, तर सरळ सगळे मिळून एक गाडी करा. पाचसहा माणसांनी भरलेल्या एका गाडीचं ओझं मनावर घेऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट, डायपर. यात मी स्वतः तोंडावर पडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नातू वर्षाचा असताना आम्ही किनाऱ्यावरच्या एका गावी उतरलो होतो. दोन दिवसांचे वापरलेले डायपर साठले. मला वाटलं, मातीत पुरले की प्रश्न मिटला. घरमालकीणबाईंकडून कुदळ मागून घेतली आणि वाडीत, माडाच्या बुंध्याशी हातभर खड्डा करून पुरले. वर दगडही ठेवला. पहाटे कुत्र्यांच्या गुरगुरण्याने जाग आली. बाहेर येऊन बघते तर अंगणभर कापसाचे लगदे आणि पाणी पिऊन फुगलेले साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे. तुळशीवृंदावनापर्यंत. घरमालकीण वहिनी वाकून खराट्याने गोळा करत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गोळे शोषक प्लास्टिकचे असतात, बाहेरचा पापुद्राही प्लास्टिकचाच. मातीत ते कुजत नाहीत, पण कुत्र्यांना वास मात्र लागतो. आणि किनाऱ्यावरच्या गावात कचऱ्यावर पोसलेली कुत्री म्हणजे कासवाच्या घरट्यांना धोका. तुझ्या बाळाचा लंगोट आणि वाळूतलं अंडं यांच्यामध्ये फक्त एक भुकेलं कुत्रं असतं. हे मला त्या दिवशी अंगणात कळलं.

म्हणून असं कर. दिवसा सुती लंगोट आणि दुपटी वापर, कोकणात मार्चमधल्या उन्हात तासा-दोन तासांत वाळतात. धुताना साबण कमी, पाणी विहिरीपासून दूर ओत. गाडीत आणि रात्री डायपर खुशाल लाव, झोपमोड झालेली आई कुणाच्याच कामाची नाही. वापरलेला डायपर मात्र घट्ट गुंडाळी करून, वर्तमानपत्रात बांधून, झाकणाच्या डब्यात टाकायचा आणि तो डबा घरी आणायचा. हो, घरी. आपल्या सोसायटीसारखी तिथे रोज घंटागाडी येत नाही. घरी आल्यावर पुडीवर लाल ठिपका काढून वेगळी द्यायची, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईंचा हात चुकून त्यात जात नाही. ओल्या वाइप्सऐवजी जुन्या धोतराचे तुकडे आणि पाण्याची बाटली पुरते.

खाण्याचं फार नाही. दशम्या, राजगिऱ्याच्या वड्या, घरचा चिवडा डब्यात घे. चकचकीत पुड्या नेऊच नकोस, त्यांचे कागद घेणारा भंगारवाला मला तरी अजून भेटलेला नाही. घरमालकिणीला आधीच फोन करून मऊ भात आणि बिनतिखट आमटीचं सांग. पाणी उकळून, गार करून स्टीलच्या बाटलीत भरायचं. पण कुठे पाण्याची शंका आली तर बाटली विकत घे आणि रिकामी झाली की परत आण. बाळाच्या पोटावर प्रयोग नकोत.

किनाऱ्यावर थोरलीला आधीच सांगून ठेव की दोरीच्या अलीकडेच उभं राहायचं, पिल्लाला हात लावायचा नाही, मोबाइलचा दिवा लावायचा नाही. उजेडाने पिल्लं वाट चुकतात. ती स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जातात. एखादं मध्येच थांबतं, लाट येऊन त्याला मागे ढकलते, आणि लेक कळवळून म्हणेल, ‘आई, उचलू?’ तेव्हा तिचा हात धरून नुसती थांब. आणि एखाद्या दिवशी एकही पिल्लू वर येत नाही. हेही आधीच सांग. नाहीतर तिथल्या कार्यकर्त्यांशी हुज्जत घालणारे आईबाप मी पाहिलेत, पोरं बिचारी वाळूत खूश असतात.

शंख-शिंपल्यांचंही तेच. माझ्या मुलाने लहानपणी खिसे भरून शंख आणले होते. रात्री पिशवीत खुडखुड ऐकू आली. कंदील जवळ नेला तर एक शंख पाय काढून चालत होता. आत खेकडा होता, संन्याशी खेकडा म्हणतात तो. दुसऱ्याचा रिकामा शंख शोधून त्यात राहणारा. रात्री दहाला मी बापलेकांना घेऊन त्याला समुद्रावर पोचवायला गेले. तेव्हापासून आमच्याकडचा नियम असा, की बघायचं, मोजायचं, हातात घेऊन कानाला लावायचं आणि तिथेच ठेवायचं.

घरमालकांचं नाव ठरलं की तारखा कळव. महोत्सवाच्या शनिवार-रविवारी गर्दी फार होते, जमलं तर मंगळवार-बुधवार बघ. आणि डबा विकत घेऊ नकोस. माझ्याकडे पाच लिटरचा स्टीलचा आहे, झाकणाला रबर असलेला, कडीचा. नातू आता मोठा झाला, तेव्हापासून माळ्यावर पडून आहे. रविवारी येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई